डाव्या अंगाचं रिकामं पाणी

मिरिताल, ६ ऑक्टोबर १९७४

दोरा,

तुझं पत्र तुझ्या वहिनीने, इरासीने, मला दोनदा वाचून दाखवलं आणि दोन्ही वेळा आम्ही हसलो. माकडाला निजवायचं, डोळ्यांपुढे घुमट धरायचा, त्यावर दिवा फिरवायचा आणि डोक्यात काय कडकडतं ते ऐकत बसायचं, यासाठी आपल्या बाबांनी तुला रिओला शिकायला पाठवलं होय गं? इथे झाडावर फुकट माकडं आहेत, त्यांच्या डोक्यात काय चालतं ते मी सांगतो. दुसऱ्याची केळी.

माझी बोट 'बोआ ओरा' ठीक आहे. आठवड्यातून दोनदा बेलेंला माल आणि माणसं नेतो, येताना टपालाची पिशवी आणतो. नदी मात्र या वर्षी माझ्यावर रुसली आहे. ऑगस्टमध्ये एका सकाळी डोकं फुटेल असं दुखलं, डाव्या हाताला मुंग्या आल्या. कॉफी पिऊन होईपर्यंत गेल्या. त्यानंतर हे सगळं सुरू झालं. ओंडके एकदम बोटीपाशी उगवतात. धक्क्याचा डावा खांब मी दोनदा घासला. परवा तर कहर झाला. खाडीच्या तोंडाशी एक होडी येत होती, मी पाहिली. पुढच्या क्षणी तिथे होडी नाही. नुसतं पाणी आणि पलीकडचं रान. मग एकाएकी ती माझ्या बोटीच्या नाळेखाली, पुढच्या टोकाखाली, आणि त्यातला म्हातारा मला आईवरून शिव्या घालतोय!

बेनेदितामावशीने ताडाची पानं फिरवून पाहिलं. म्हणाली, पाण्याखालचे लोक तुझी थट्टा करतायत, त्यांना तुझे डोळे आवडलेत. मी देवळातल्या नाझारेमातेला मेणाचे डोळे बोललोय. शिवाय आठ डिसेंबरला तिची नदीवरून मिरवणूक निघते त्या दिवशी सगळ्या गावाला फुकट बोटीत घेऊन जाईन, आणि चाक माझ्या स्वतःच्या हातात असेल, असाही नवस केलाय. डोळ्यांचं काही झालेलं नाही बरं का. परवान्याच्या तपासणीत शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली. डॉक्टर म्हणाला, हे तर घारीचे डोळे.

तुझा दादा,
लिंदोमार

*

रिओ दे जानेरो, १५ ऑक्टोबर

दादा,

तुझ्या पत्राला मी हसले नाही. होडी नाहीशी झाली आणि तिथे पाणी दिसलं, हे वाक्य मी बसमध्ये वाचलं आणि माझा थांबा चुकला.

माझं काम तुला नीट कधी सांगितलं नाही, आता ऐक. डोळा म्हणजे नुसता धक्का. माल तिथे उतरतो, पण गावात जाण्याआधी तो एका वखारीत जातो. मेंदूच्या मधोमध असलेल्या त्या वखारीला थॅलॅमस म्हणतात. तिच्या मागच्या अंगाला दोन्हीकडे एकेक छोटी गाठ असते, दुमडलेल्या गुडघ्यासारखी. दोन्ही डोळ्यांना डावीकडचं जे काही दिसतं ते सगळं उजव्या गुडघ्यात जातं, उजवीकडचं डाव्यात. आणि तिथे ते कसंही टाकलेलं नसतं, नकाशासारखं मांडलेलं असतं. बाहेर जे शेजारी ते आतही शेजारी. नजर जिथे रोखलेली असते त्या इवल्याशा जागेला आख्खं अंगण मिळतं, कडेच्या जगाला कोपरा. माझी बारीक सुई त्या गुडघ्यात एका ठिकाणी असते. घुमटावरचा दिवा नेमका त्या ठिकाणाच्या वाट्याच्या जागी आला की भोंगा कडकडतो, इतर कुठेही असला तर गप्प. मी तेवढी जागा पेन्सिलीने आखून घेते. अशी जागेला जागा जोडत आम्ही माकडाचा नकाशा करतोय.

म्हणून एक काम कर, आणि हसू नकोस. भिंतीवर एक फुली काढ. खुर्चीत बसून नुसती तिच्याकडे बघ. इरासीला तिने कोरलेला एखादा लाल साप काठीला बांधून तुझ्या सगळ्या बाजूंनी हळूहळू आत आणायला सांग. फुलीवरून नजर हलवायची नाही. साप कुठे दिसतो, कुठे जातो, ते तिने भिंतीवर आखायचं. आधी एक डोळा झाकून, मग दुसरा. जे निघेल ते कागदावर उतरवून पाठव.

आणि मेणाच्या डोळ्यांचं म्हणशील तर, जखम मांडीला आणि मलम शेंडीला असं व्हायला नको.

दोरा

*

मिरिताल, ३० ऑक्टोबर

दोरा,

भिंतीचा सत्यानाश झाला. कोळशाच्या रेघा बघून शेजारीण विचारत होती, तुमच्याकडे कुणी भूत काढायला आलं होतं का.

कागद सोबत आहे. इरासीनेच काढलाय, मिरिती ताडाच्या मऊ लाकडात साप-होड्या कोरणारा हात आहे तिचा, रेघ वाकडी जात नाही. साप वरून आणला की दिसतो. खालून आणला की दिसतो. उजवीकडून तर लगेच दिसतो. डावीकडून मात्र मधोमध आणला की नाहीसा! पपईची फोड असते ना, तशी जागा आहे, टोक फुलीकडे आणि पाठ बाहेरच्या बाजूला. एक डोळा झाकला तरी फोड तिथेच, दुसरा झाकला तरी तिथेच, त्याच मापाची. मी म्हटलं, भिंत तर मला अख्खी दिसते, भोक कुठाय? इरासी म्हणाली, अहो, साप तुमच्यासमोर नाचवतेय मी! आणि मला नुसती चुन्याची भिंत दिसत होती. गंमत वाटली. इरासीला वाटली नाही. काठी टाकून ती चुलीपाशी जाऊन बसली आणि त्या दिवशी मासे करपले.

आता तू हुशार आहेस, सांग कुठलं औषध घ्यायचं. मिरवणुकीसाठी बोटीला निळा रंग देतोय. लोक आत्तापासून जागा सांगून ठेवतायत.

लिंदोमार

*

रिओ दे जानेरो, ८ नोव्हेंबर

दादा,

तुझी फोड मी आमच्या नकाशावर ठेवून पाहिली. कडेला कड लागली. सांगायला लाज वाटते, पण पहिल्या क्षणी मला आनंद झाला, इतकं सुबक ते जुळलं. मग आठवलं की हा कागद माझ्या भावाच्या घरच्या भिंतीवरून आलाय.

त्या गुडघ्यात वरचं आकाश एका अंगाला मांडलेलं असतं, खालची जमीन दुसऱ्या अंगाला, आणि मधल्या पट्ट्यात क्षितिज. मधल्या पट्ट्याला रक्त पुरवणारी शीर वेगळी आहे. ती बुजली की वरचं राहतं, खालचं राहतं, आणि बरोबर क्षितिजाची फोड जाते. इथल्या मेंदूच्या डॉक्टरांना मी तुझा कागद दाखवला. ते म्हणाले, या माणसाच्या उजव्या बाजूची छोटी शीर ऑगस्टमध्ये बुजली आहे, आणि जिथे छोटी बुजते तिथे मोठी बुजू शकते. बेलेंच्या मोठ्या इस्पितळात जा. ताबडतोब जा.

नदीवर होड्या कुठे दिसतात, दादा? आकाशात नाही, पायाशी नाही. क्षितिजावर दिसतात. तुझ्या डाव्या अंगाला येणारी प्रत्येक होडी त्या फोडीतून येते. अक्षरं तू वाचतोस कारण अक्षरं मधल्या बिंदूवर असतात, आणि तुझा मधला बिंदू शाबूत आहे. सगळ्यांत वाईट म्हणजे ती जागा काळी दिसत नाही. आजूबाजूला पाणी असेल तर मेंदू तिथेही पाणीच भरतो.

म्हणून चाक सोड. आजपासून. रस्त्याने चालताना मान डावीकडे वळवत जा, नजर वळली की फोडही पुढे सरकते आणि आधी झाकलेलं दिसतं. आणि घराबाहेर असशील तेव्हा तुझ्या डाव्या हाताला कायम कुणीतरी असू दे. नवस तुझ्या बोटीवरच्या अनीझियोच्या हातूनही फेडता येईल. नाझारेमातेला तुझा हात नको आहे, तू हवा आहेस.

लगेच उत्तर दे.

दोरा

*

मिरिताल, १९ नोव्हेंबर

दोरा,

झालं तुझ्या मनासारखं. चाक अनीझियोला दिलं. मी नाळेवर बसून नुसता सिगारेट ओढतो आणि त्याला शिव्या देतो. मिरवणुकीतही तोच. इस्पितळात सण झाल्यावर जाईन, आत्ता तिथे जाऊन रांगेत कोण मरणार?

काळजी करू नकोस. तुझ्या माकडांना माझा सलाम.

लिंदोमार

*

मिरिताल, २४ नोव्हेंबर

प्रिय दोरा,

ही मी, इरासी. यांना न सांगता लिहितेय, आणि हे पत्र त्यांच्याच बोटीतून बेलेंला जाईल, म्हणून पाकिटावर नाव बहिणीकडून लिहून घेतलंय.

ते तुमच्याशी खोटं बोलले. चाक त्यांनी सोडलेलं नाही. उलट तुमचं पत्र आल्यापासून जास्तच जोरात आहेत. मान डावीकडे वळवली की दिसतं, एवढंच त्यांनी तुमच्या पत्रातून उचललं. आता दिवसभर मान तिरकी करून चालवतात आणि सगळ्यांना सांगतात, माझ्या बहिणीने रिओहून उपाय पाठवलाय. मी म्हटलं, अहो, तिने हे रस्त्याने चालायला सांगितलंय. तर म्हणाले, नदी म्हणजे रस्ताच की! सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, तशातली गत. नवसाचं काढलं तर म्हणतात, बोलताना मी 'माझ्या हाताने' असं म्हटलंय, दुसऱ्याच्या हाताने फेडलेला नवस माता घेत नाही, उलटतो. गावात सगळेच तसं मानतात. मीही मानते, खोटं कशाला बोलू.

मग मी म्हटलं, निदान मी तुमच्या डाव्या हाताला उभी राहते. त्यावर जे भडकले! म्हणाले, लिंदोमारला बायको बोट धरून चालवते असं धक्क्यावर म्हणायला लागले तर बोटीत कोण बसेल? चाकाच्या खोलीतून मला हाताला धरून बाहेर काढलं. लग्नानंतर कधी असा हात धरला नव्हता.

पण तुमचं वाक्य मी पाठ करून ठेवलंय, त्यांच्या डाव्या हाताला कायम कुणीतरी असू दे. रात्रंदिवस विचार केला आणि सुचलं. मिरवणुकीच्या दिवशी मी आधीच बेलेंला मिरितीची खेळणी विकायला गेले असं त्यांना सांगेन. आणि खरं तर माझी होडी घेऊन वाळूच्या दांड्यापासून देवळाच्या धक्क्यापर्यंत 'बोआ ओरा'च्या डाव्या अंगाने, अगदी लागून वल्हवत जाईन. काठीला पांढरं फडकं लावेन. त्या बाजूने दुसरी कुणाची होडी आली तर ओरडून लांब घालवेन. ती फोड त्यांची आहे ना, मग मी तिच्यात बसून राखण करीन. त्यांना कळायचंही नाही आणि नवसही फिटेल.

होडीत खेळणी ठेवेनच, कुणी विचारलं तर विकायला आले म्हणायला बरं.

तुम्हाला हे पटेल असं वाटतं. पटलं नाही तर लिहा.

तुमची
इरासी

*

रिओ दे जानेरो, २ डिसेंबर

इरासी, इरासी,

हे अजिबात करू नकोस. तुझं पत्र आज हातात पडलं. मी अर्धं वाचून जिन्यातच बसले.

माझीच चूक, मी नीट लिहिलं नाही. डाव्या हाताला माणूस असावा म्हणजे बोटीवर, त्याच्या खांद्याला लागून, त्याला ओरडून सांगायला. पाण्यावर नाही! तू त्या फोडीत बसलीस तर तूच नाहीशी होशील. तुझं पांढरं फडकं त्याला दिसणार नाही. तुझ्या जागी त्याला नदी दिसेल, स्वच्छ, रिकामी, बोट वळवायला बोलावणारी. इतर कुणी अनोळखी होडीवाला दचकून बाजूला तरी होईल. तू तर मुद्दाम चिकटून राहणार आहेस.

भांडण झालं तरी चालेल. चाकाला मिठी मारून बस. अनीझियोला सगळं सांग. फादरना सांग. दादाला हे पत्र दाखव, मला शिव्या देऊ दे त्याला. काहीच जमलं नाही तर घरात बस, पण होडीत पाय ठेवू नकोस.

तारही करतेय. तारवाला म्हणाला, मिरितालला तारेची सोय नाही, बेलेंहून टपालाच्या पिशवीतून जाईल. म्हणजे तारही दादाच्याच बोटीतून येणार. शुक्रवारच्या फेरीत मिळेल असं तो म्हणतो. देवा, शुक्रवारी मिळू दे.

दोरा

*

मिरिताल, ९ डिसेंबर

दोरा,

आता रागाव किती रागवायचं ते! काल चाक माझ्याच हातात होतं. अनीझियोला दिलं म्हणालो ती थाप होती, तुला झोप यावी म्हणून मारलेली. आणि बघ, सगळं गाव नेलं आणि आणलं, कुणाच्या अंगाला ओरखडा नाही. नवस फिटला. देवळात मेणाचे डोळे ठेवले तेव्हा मी रडलो, इथे सगळ्यांनी पाहिलंय, तेव्हा लपवत नाही.

काय सोहळा होता! बोटी इतक्या की पाणी दिसेना, फटाके, बँड, म्हाताऱ्यांची गाणी. दांडा ओलांडला आणि मागून मातेची बोट आली. तुला आठवतं ना, ती जवळून जाताना सगळ्यांनी वाट द्यायची आणि तिच्याकडे तोंड करून उभं राहायचं. ती आमच्या उजवीकडून गेली. सगळं गाव उजव्या कठड्याला लोटलं, बोट एका अंगावर कलली. नाळेवर अनीझियो गुडघ्यांवर बसून डोळे मिटून होता. मी तिला वाट देण्यासाठी बोट डावीकडे घेतली. माता समोर असताना तिच्यावरून नजर काढायची नसते, म्हणून मान वळवली नाही. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून मला डावी बाजू दिसत होती, दोरा. भीती होती की तिकडे गर्दी असेल. कुणी नव्हतं! नितळ पाणी आणि पलीकडचं रान. इतकी स्वच्छ डावी बाजू मला कित्येक महिन्यांत दिसली नव्हती. तेव्हाच समजलो, नवस पावला. तुझी फोड गेली. तुझ्या डॉक्टरांना सांग, मेणाच्या डोळ्यांनी काम केलं.

एक ओंडका तेवढा खालून घासून गेला, धप्प. या दिवसांत वरून फार ओंडके येतात. फटाक्यांत कुणाला ऐकूही आलं नाही.

मागे वळून पाहिलं तर पाण्यावर मिरितीची खेळणी तरंगत होती, लाल, पिवळी, हिरवी. कुणीतरी मातेच्या वाटेवर वाहिली असावीत, पहिल्यांदाच पाहिलं असं काही, फार सुंदर दिसत होतं. परतताना एक साप गळाने उचलून घेतला. आत्ता माझ्यासमोर मेजावर आहे. डोळ्याला लाल ठिपका, शेपटीला गाठ, अगदी इरासीच्या हातचा वाटतो. कुणीतरी तिची नक्कल करायला लागलंय, आली की भांडेल त्याच्याशी. ती शनिवारी खेळणी विकायला बेलेंला गेली, अजून परतली नाही. माझ्यावर रागावलीय, चाकाच्या खोलीतून बाहेर काढलं म्हणून. आली की माफी मागणार आहे. नवीन परकर घेतलाय तिला, निळा, बोटीच्याच रंगाचा.

टपालाची पिशवी मी शुक्रवारीच आणली होती, पण सणामुळे टपालवाला कचेरी बंद करून बसलेला. म्हणून पिशवी बोटीतच राहिली, काल मिरवणुकीतसुद्धा माझ्या पायाशी होती. आज सकाळी उघडली. त्यात इरासीच्या नावाने तुझं एक जाड पाकीट आहे आणि एक तारही. दोघी मिळून माझ्याविरुद्ध काय कट करताय? तिच्या नावचं मी उघडत नाही. असाईच्या रसाच्या वाडग्याला टेकवून ठेवलंय, आल्या आल्या तिला दिसेल.

हा अनीझियो धक्क्यावरून धावत वर येतोय. टोपी काढलीय त्याने. हातात काहीतरी पांढरं आहे, काठीला गुंडाळलेलं ओलं फडकं. मागून फादर पण येतायत. काय झालंय ते विचारून येतो आणि मग पत्र बंद करतो.